शाळेच्या आवारातील रातराणी
(बेलवली येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या बागेची आखणी सुरू झाली म्हणजे गावातील कोणी ना कोणी हौसेने रातराणीच्या चार काड्या आणून देतो. त्या मातीत खोवल्या की जगतात आणि थोड्याच काळात कुंपणाच्या वर डोकावू लागतात. अल्प श्रमात बाग फुलवल्याचे समाधान शिक्षकास लाभते. परंतु हे झुडूप मोकळे सोडले तर काय करील, हा विचार त्याआधीच व्हावयास पाहिजे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी ग्रंथ चाळावयास नको. बेलवलीहून चंदेरीच्या डोंगराकडे नजर टाकावी आणि त्या बाजूच्या पायवाटांनी चालून पाहावे. वाटेच्या दोहों अंगांस घाणेरी माजलेली आढळेल. कित्येक गावी तिला टणटणी म्हणतात. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात ती शोभेचे झुडूप म्हणून आली. एकाच गुच्छात पिवळी व गुलाबी फुले, कुंपणास बळकट, आणि गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. हौशी लोकांनी तिचे कौतुक केले यात नवल नाही. पुढे बुलबुलादी पक्ष्यांनी तिची काळी फळे खाल्ली व बिया रानोमाळ नेल्या. आज तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही, गुराख्यास चराईसाठी लांब जावे लागते. भुकेल्या जनावराने तिचा पाला खाल्लाच, तर यकृत बिघडून उन्हाने त्याची कातडी सोलवटते. वरवर तोडली असता ती बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटते. ज्यांनी ती प्रथम लावली त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. त्यांनी फक्त फळे पिकू दिली.

रातराणीही परदेशची पाहुणी आहे. वेस्ट इंडीज व मध्य अमेरिका हे तिचे माहेर, आणि कुळ वांगी, तंबाखू व धोतरा यांचे. कोकणच्या रानात ती घाणेरीसारखी माजलेली नाही. परंतु पॅसिफिक महासागरातील अनेक बेटांवर ती बागेतून निसटून जंगलात पसरली आहे. तेथेही पक्षीच वाहक ठरले. फुले गळाल्यावर तिला मण्यांएवढी फळे धरतात, ती आधी हिरवी आणि पिकल्यावर मोत्यासारखी पांढरी होतात. ती विषारी आहेत, आणि पानेही विषारी आहेत. पहिली-दुसरीच्या मुलांना हे मोती खेळावयास, आणि मग तोंडात घालावयास, किती मोहक वाटतील हे शिक्षकांस सांगणे नलगे.

म्हणून तिच्या संगोपनात कात्री हेच मुख्य अवजार समजावे. आषाढात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व काडी लावावी. दोन झुडपांत सहा ते आठ फूट अंतर असावे. कुजलेले शेणखत पुरे. पाणी साचू देऊ नये. फुलांचा एक बहर ओसरला की त्याच आठवड्यात वाळलेले तुरे फांदीच्या शेंड्यासह छाटावेत. रातराणीस नव्या फुटीवर फूल येते. त्यामुळे या छाटणीने बहर कमी होत नाही, उलट पुढचा बहर भरघोस येतो आणि फळ धरावयास अवसरच राहत नाही. उंची चार-पाच फुटांवर रोखावी. छाटलेला पाला गुरांपुढे टाकू नये, ओढ्यात तर मुळीच नाही. एवढी देखरेख दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण करील हे आधी ठरत नसेल, तर रातराणी लावूच नये.

एखाद्या मुलाने फळ खाल्ल्याचे कळले तर तोंड धुवून त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, सोबत झाडाची डहाळी न्यावी. उलटी करविण्याच्या खटपटीत पडू नये.

रातराणीच्या वासाने साप येतो अशी समजूत घरोघर आहे. साप येतो तो वासासाठी नव्हे. बुंध्याशी माजलेल्या गचपणात बेडूक व उंदीर असतात म्हणून. बुंधा एक-दीड फूट मोकळा ठेवला की ही भीती बरीच निवारते. मात्र उग्र वासाने काहींचे डोके दुखते, दमेकऱ्यांस त्रास होतो. शाळेलगत कोणाची खिडकी असेल तर झुडूप त्या बाजूस नसावे.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. शाळा दिवसा भरते आणि रातराणी रात्री दरवळते. म्हणजे ज्यांच्यासाठी ती लावली त्यांस सुगंध क्वचितच मिळतो! लहान मुलांच्या शाळेत पारिजातक अधिक सोयीचा, कारण सकाळची घंटा होते तेव्हा त्याचा सडा पडलेला असतो. मोगरा व कुंदही निर्धोक. पण जेथे रातराणी आधीपासूनच उभी आहे तेथे ती उपटण्याची घाई नको. शेजारच्या घरांतील मुलांस वास किती वाजता सुरू होतो, त्या वेळी फुलावर कोणते पतंग येतात, हे नोंदवहीत लिहावयास सांगावे. फिकट रंग आणि अरुंद नळी कोणासाठी, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.

त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर कुंपणाकडेला उगवलेल्या घाणेरीच्या रोपांची मोजदाद यावी. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की वरच्या वर्गातील मुलांनी, शिक्षकांच्या देखत, ती मुळासकट उपटावीत. जुन्या झाडाचे मुख्य मूळ मोठ्या माणसाने जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीने तोडावे व झाड उलटे करून वाळत ठेवावे. हे काम फळे काळी पडण्यापूर्वी उरकावे.