वीज गेल्यावरची अणुभट्टी

अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही. बंद होताच पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता इंधनातून निघत राहते आणि ती काढून घ्यायला पाणी सतत फिरवावे लागते. पंपांना वीज ग्रिडमधून मिळते. ती गेली तर डिझेल जनरेटर. जपानच्या फुकुशिमा दाइइची केंद्रात ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीने तेही निकामी केले आणि तीन भट्ट्यांतले इंधन वितळले.

भारताने असा अंधार त्याआधीच पाहिला होता. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबल जळाल्या. सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. कर्मचारी टॉर्चच्या उजेडात वर चढले आणि बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. डिझेलवरच्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवले आणि भट्टी वाचली. हे धैर्य मोठेच. पण दर वेळी त्यावर विसंबणे धोक्याचे.

फुकुशिमानंतर अणुऊर्जा नियामक मंडळाने देशातील सर्व केंद्रे पुन्हा तपासली. सगळी वीज गेली तर भट्टी किती वेळ तग धरेल, हा कळीचा प्रश्न होता. त्यातून बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या आणि हवेने थंड होणारे जनरेटर आले. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या १९६९ मधल्या दोन भट्ट्या फुकुशिमाप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या. त्यांतील आपत्कालीन कंडेन्सर मात्र पंपांशिवाय काही तास उष्णता काढून घेऊ शकतो.