मतपत्रिका इंटरनेटने, मत मात्र टपालाने



सीमेवर किंवा परदेशात तैनात असलेल्या सैनिकाला मतदानाचा हक्क असतो. मतदान केंद्र मात्र त्याच्यापर्यंत जात नाही. मतपत्रिका टपालाने जायची, त्याने ती भरायची आणि मतमोजणीपूर्वी ती परत यायची, हा दुहेरी प्रवास पुष्कळदा वेळेत पुरा होत नाही. सन २००० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडाचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. परदेशातून उशिरा आलेल्या, टपालाचा शिक्का नसलेल्या मतपत्रिका मोजाव्यात की नाहीत, यावरून तेथे मोठे वादंग माजले होते.

मग हे काम इंटरनेटवर का सोपवू नये? अमेरिकेच्या संरक्षण विभागाने त्याच निवडणुकीत तसा एक लहानसा प्रयोग केला होता. त्यात ८४ मते पडली. पुढे २००४ साठी ‘सर्व्ह’ नावाची बरीच मोठी योजना आखण्यात आली. सात राज्ये, सुमारे एक लाख मतदार आणि २ कोटी २० लाख डॉलर खर्च, असा तिचा आवाका होता. योजनेच्या परीक्षणासाठी बोलावलेल्या तज्ज्ञांपैकी डेव्हिड जेफरसन, एव्हिएल रुबिन, बार्बरा सायमन्स आणि डेव्हिड वॅगनर या चौघांनी जानेवारी २००४ मध्ये स्वतंत्र अहवाल देऊन ती थांबवण्याची शिफारस केली. काही दिवसांतच संरक्षण विभागाने ती गुंडाळली.

या अहवालाचा युक्तिवाद नीट समजून घेण्यासारखा आहे. चौघांनी योजना तयार करणाऱ्यांच्या कौशल्यावर बोट ठेवले नव्हते. त्यांचा आक्षेप पायावरच होता. मत ज्या संगणकावरून दिले जाणार तो मतदाराचा स्वतःचा किंवा एखाद्या सायबर कॅफेतला असणार. त्यात शिरलेल्या विषाणूने मत पाठवण्यापूर्वीच बदलले, तर ते ना मतदाराला कळणार, ना निवडणूक अधिकाऱ्याला. शिवाय हल्लेखोर जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात बसलेला असू शकतो.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो: बँकेचे व्यवहार इंटरनेटवर चालतात, मग मतदान का नाही? बँकेत चूक झाली तर ती खातेपुस्तकात दिसते, तक्रार करता येते, पैसे परतही मिळतात. मत गुप्त असते. कोणी कोणाला मत दिले याची नोंद ठेवायचीच नसते. त्यामुळे चूक शोधायला खातेपुस्तकच उरत नाही. मुलाखतीत हा प्रश्न आल्यास उत्तराचा गाभा हाच.

ही भीती केवळ कागदी नव्हती. २०१० मध्ये वॉशिंग्टन शहराने आपली इंटरनेट मतदान प्रणाली जाहीर चाचणीसाठी खुली केली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या चमूने दोन दिवसांच्या आत तिच्यावर ताबा मिळवून सगळी मते बदलली आणि मतदान संपताच विद्यापीठाचे गीत वाजेल अशी व्यवस्थाही करून ठेवली! अमेरिकेने त्याआधीच, २००९ च्या कायद्याने, मधला मार्ग धरला होता: कोरी मतपत्रिका मागणाऱ्या सैनिकाला ती निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी पाठवायची आणि हवी असल्यास इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची. एस्टोनिया मात्र २००५ पासून इंटरनेट मतदान घेत आहे आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत तेथील निम्म्याहून अधिक मते याच मार्गाने आली. तेथे प्रत्येकाकडे चिपयुक्त ओळखपत्र असते आणि दडपणाखाली दिलेले मत नंतर पुन्हा मत देऊन बदलता येते.

भारताने कोणता मार्ग धरला? आपल्याकडे सैन्यदलांतील जवान, राज्याबाहेर तैनात असलेले राज्याच्या सशस्त्र पोलीस दलाचे कर्मचारी आणि परदेशी दूतावासांतील सरकारी कर्मचारी ‘सेवा मतदार’ ठरतात. (अनिवासी भारतीय हे ‘परदेशस्थ मतदार’, त्यांना स्वतः येऊनच मत द्यावे लागते. परीक्षेत या दोन संज्ञांची गल्लत फार होते.) २००३ च्या दुरुस्तीने सशस्त्र दलांतील सेवा मतदारांना प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा मिळाली, पण त्यात गुप्ततेचा बळी जातो, कारण जवानाचे मत गावाकडच्या दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक होते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम २३ मध्ये दुरुस्ती झाली आणि कोरी टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोय झाली. पुदुच्चेरीतील नेल्लिथोपे पोटनिवडणुकीत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, ती प्रथम वापरली गेली. ही प्रणाली निवडणूक आयोगाने ‘सी-डॅक’च्या साहाय्याने उभारली; या संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे. मतपत्रिका सांकेतिक पिनच्या संरक्षणात उतरवून घेतली जाते. जवान ती छापतो, खूण करतो, घोषणापत्रासह पाकिटात घालतो आणि टपालात टाकतो. मतमोजणीच्या वेळी क्यूआर कोड तपासून दुबार पाकीट ओळखले जाते. म्हणजे इंटरनेटचा उपयोग फक्त जाण्यापुरता, येताना कागदच.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत १८,०२,६४६ सेवा मतदारांना अशा मतपत्रिका पाठवण्यात आल्या. त्यांपैकी १०,८४,२६६ परत आल्या. हे प्रमाण ६०.१४ टक्के होते. उरलेल्या सात लाखांहून अधिक मतपत्रिका परतल्या नाहीत. जाण्याचा प्रवास क्षणार्धात होत असला, तरी परतीचे पाकीट आजही डोंगर, समुद्र आणि टपाल कार्यालये ओलांडूनच येते, आणि मतमोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर पोहोचले तर ते मोजले जात नाही.