घरातली तापाची गोळी मांजरीला नको

मांजर हाताला गरम लागली, की आपल्याकडे कुणीतरी घरातली पॅरासिटामॉल काढतं. बाप्पा, तेवढं करू नका! मांजरीचं नेहमीचं तापमानच १०१-१०२ फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ती गरम लागणारच.

हे औषध निकामी करायची ताकद तिच्या यकृतात फार कमी. मग रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्यालाही आपली पेनकिलर नको. आयबुप्रोफेननं पोटात जखमा होतात, किडनी निकामी होऊ शकते.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी जिभेवर अगदी मागं ठेवा, तोंड मिटा, गळा हलकेच चोळा. नंतर बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं हळूहळू थोडं पाणी पाजा. डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी मांजरीच्या अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होते.

चुकून पॅरासिटामॉल दिलीच गेली तर? लक्षणांची वाट पाहू नका, घरी उलटी करवू नका. यावर उतारा आहे, पण पहिल्या काही तासांतच तो नीट लागू पडतो. गोळीचं पाकीट घ्या आणि जवळचा पशुवैद्यक गाठा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचा दवाखाना आहे. आत गेल्यावर लाजू नका. काय दिलं, किती, किती वाजता, सगळं खरं सांगा.