डिस्चार्ज कार्डाच्या पुढे



 डोक्याच्या दुखापतीवरची ही परिषद नाशिक शहराऐवजी हरसूलला भरवलीत, याबद्दल अध्यक्ष या नात्याने मी आभारी आहे. डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून अखेर परततो तो अशाच गावात, आणि आपण उपचार करणाऱ्यांची मोजमापं नेमकी तिथवर पोचत नाहीत.

१९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्धी मोजायची पद्धत दिली: डोळे, बोलणं, हालचाल; आज तिचे गुण ३ ते १५ धरतात. पुढच्याच वर्षी जेनेट आणि बाँड यांनी मृत्यूपासून ‘चांगली सुधारणा’पर्यंत परिणामाच्या पाच पायऱ्या आखल्या. या दोन्हींवर आपलं काम उभं आहे. पण दोन्हींत निकाल देणारे आपण; ज्याचं डोकं फुटलं त्याचं मत कुठेच नाही.

याच भागातला एक तरुण नाशिकला बांधकामावर परांचीवरून पडला. कागदावर ‘चांगली सुधारणा’. चालतो, बोलतो, जेवतो. बाजारात मात्र पाचशेची नोट मोडली की परत आलेले पैसे मोजताना गोंधळतो, म्हणून पाकीट आता बायकोकडे. भातलावणीत थोडा वेळ वाकला की गरगरतं. बोहाड्याच्या उत्सवात सोंग नाचवायला हा सगळ्यांच्या पुढे असायचा. आता संबळ वाजू लागला की कान दाबून घरात बसतो. हे कुठल्या पायरीवर लिहायचं?

२०१० साली प्रसिद्ध झालेली ‘क्वॉलिब्री’ ही प्रश्नावली खास मेंदूच्या दुखापतीसाठी आहे. तिचे ३७ प्रश्न थेट रुग्णाला विचारायचे असतात. स्मरणशक्ती, स्वतःबद्दलची भावना, रोजचे व्यवहार आणि नातीगोती यांबाबत तो किती समाधानी आहे. एकटेपणा, राग, वेदना यांचा त्याला किती त्रास होतो. पैशाचे व्यवहार जमतात का, हेही त्यात आहे. मला ही प्रश्नावली मोलाची वाटते.

मात्र ओपीडीच्या गर्दीत, सासरा शेजारी उभा असताना विचारलंत तर उत्तर एकच येईल, “बरं आहे.” शिवाय मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली असेल तर आपल्यात काय बदललं हे अनेकदा रुग्णाला स्वतःलाच उमगत नाही. बायकोला ते रोज दिसतं. तेव्हा तिलाही वेगळं बसवून विचारा आणि दोघांची उत्तरं वेगवेगळी लिहा. त्यांची सरासरी काढू नका. दोघांच्या उत्तरांतलं अंतर हीच आपल्याला हवी असलेली माहिती आहे.

विचारायची वेळही महत्त्वाची. उन्हाळ्यात शेतात काम नसतं तेव्हा हा माणूस ठणठणीत वाटतो. लावणीत, किंवा द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जायची वेळ आली की दुखापत उघडी पडते. आपण तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी असं कॅलेंडर धरतो. इथे हंगाम धरायला हवा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण डोक्याच्या दुखापतीचं स्वतंत्र नाव त्यांत नाही. हातपाय शाबूत, पण आठवण आणि संयम गेलेला माणूस दिव्यांग प्रमाणपत्राच्या टक्क्यांत बसवणं म्हणूनच अवघड जातं. त्याच्या अर्जाला दोघांच्या उत्तरांची आपली नोंद जोडली, तर निदान वैद्यकीय मंडळापुढे त्याचं रोजचं जगणं लेखी पोचेल.

दुपारच्या सत्रात मला एवढंच ठरवून हवं आहे: या तालुक्यातल्या अशा प्रत्येक रुग्णाकडे लावणीच्या दिवसांत एकदा घरी कोण जाईल, आणि ती नोंद कोणाकडे राहील. आशाताईंना प्रवासखर्च कुठून द्यायचा, हेही त्याच सत्रात ठरवू.