कुरुंद्यात कुरुंदकर नसतो



आजच्या भाषणाचा विषय आहे युरोपातली आडनावं. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला जर्मनीतल्या शुल्त्सशी आणि हंगेरीतल्या कोवाचशी काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. म्हणून मी सुरुवात वसमत तालुक्यातून करतो, म्हणजे पुढचा प्रवास सोपा जाईल.

वसमत तालुक्यात कुरुंदा हे गाव आहे आणि शेजारच्या कळमनुरी तालुक्यात नांदापूर. नरहर कुरुंदकरांचं मूळ गाव कुरुंदा. त्यांचा जन्म मात्र १९३२ साली आजोळी, नांदापूरला झाला. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवत. भाचा पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. एक हैदराबादला, एक नांदेडला. आणि दोघांची गावं त्यांच्या नावापुढे जाऊन बसलेली. आता तुम्ही कुरुंद्याच्या पारावर जाऊन विचारा, ‘कुरुंदकर कुठं राहतात?’ गावकरी हसतील. तिथं सगळेच कुरुंदकर. गावात माणूस अमक्याचा मुलगा असतो, तमक्या गल्लीचा असतो, पाटलाचा किंवा जोश्याचा असतो. ‘कर’ व्हायला वेस ओलांडावी लागते, आणि पलीकडच्या लोकांनी विचारावं लागतं, ‘पाहुणे, गाव कुठलं?’ हैदराबाद मुक्तिसंग्रामातले हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचंही तसंच. आडनाव शिंदे, पण वसमत तालुक्यातलं वापटी हे त्यांचं गाव, म्हणून भोवतालच्या मुलखात ते वापटीकर.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की आडनाव आपल्या घरातून निघत नाही. ते दुसऱ्यानं ठेवलेलं असतं. आपण फक्त ते सांभाळतो. युरोपातल्या आडनावांच्या मुळाशी जावं, तर पानोपानी हेच दिसतं.

लिओनार्दो दा विंची म्हणजे विंचीचा लिओनार्दो. विंची हे फ्लॉरेन्सजवळचं लहानसं गाव. १४५२ साली तो तिथं जन्मला आणि फ्लॉरेन्स, मिलान अशा मोठ्या शहरांत गेला, म्हणून तो ‘विंचीकर’. त्याहून मजेदार प्रकार एल ग्रेको या चित्रकाराचा. खरं नाव दोमेनिकोस थेओतोकोपूलोस, जन्म क्रीट बेटावरचा. हे नाव उच्चारता उच्चारता परक्या मुलखातल्या लोकांच्या जिभेची बोबडी वळली असणार. त्यांनी त्याला ‘तो ग्रीक’ म्हणून टाकलं आणि जगात तेच नाव राहिलं. क्रीटमध्ये कुणी कुणाला ‘ग्रीक’ अशी हाक मारली असती का? हंगेरीत आजही होर्वात, तोत आणि नेमेत ही आडनावं पैशाला पासरी आहेत. होर्वात म्हणजे क्रोएशियाकडचा, तोत म्हणजे स्लाव्ह, नेमेत म्हणजे जर्मन. सगळी बाहेरून आलेल्यांची नावं, आधी वस्तीला असलेल्यांनी ठेवलेली. आपल्याकडे कानडे, तेलंग, गुजर, परदेशी ही आडनावं याच वाटेनं आली. परदेशी आडनावाचं कुटुंब चार-पाच पिढ्या मराठवाड्याच्या मातीत राबलेलं असतं, पण आडनाव अजून त्यांना पाहुणा म्हणतं.

आता धंद्याची आडनावं. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, फ्रेंचांचा लफेव्र, इटलीचा फेरारी, हंगेरीचा कोवाच, रशियाचा कुझ्नेत्सोव्ह. हे सगळे लोहार. मोटारीमुळे ज्या आडनावाला एवढी झळाळी आली, त्याच्या मुळाशी भाता आणि ऐरण आहे. लोहारच इतके का? गावात शेती करणारी शंभर घरं असतात, पण लोहार एक. ‘शेतकऱ्याकडे जाऊन ये’ म्हटलं तर कुणाला काही कळत नाही. ‘लोहाराकडे जाऊन ये’ म्हटलं की पोरगं नांगराचा फाळ घेऊन बरोबर त्याच दारात जातं. जो एकटा, त्याला धंद्याचं नाव चिकटतं.

आपल्या जिल्ह्याला याहून जवळचा धंदा शिंप्याचा. नर्सीचे संत नामदेव शिंपी कुळातले. इंग्लंडात ते टेलर झाले असते, जर्मनीत श्नायडर, हंगेरीत साबो, इटलीत सार्तोरी. परंपरेनं त्यांच्या घराण्याचं आडनाव रेळेकर सांगतात. त्यांच्या अभंगांच्या शेवटी मात्र नुसता ‘नामा’ असतो. पंजाबातल्या घुमानला, जिथं २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथंही त्यांना बाबा नामदेव म्हणतात. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची पदं आहेत, तीही आडनावाशिवाय. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या माणसाला त्यावाचून काही अडत नव्हतं.

अडायला लागलं ते वसुलीमुळे. इंग्लंडात १३७७ ते १३८१ या काळात राजानं तीन वेळा डोईपट्टी बसवली. एका गावात दहा जॉन असतील तर पट्टी कुणाकडून आली आणि कुणाकडून यायची राहिली, हे कारकुनाला कळायला हवं. मग याद्यांत जॉनपुढे कुणाच्या धंद्याचं नाव आलं, कुणाच्या गावाचं, कुणाच्या बापाचं. वसूल करणाऱ्याचंही आडनाव झालं. जर्मनीत शुल्त्स, शुल्झं ही आडनावं फार. ती ‘शुल्टहाइस’ या हुद्द्यावरून आली. शुल्टहाइस म्हणजे गावातलं येणं वसूल करणारा, धन्यासाठी गावावर नजर ठेवणारा गावप्रमुख. आपला पाटीलच म्हणा ना. पोलंडच्या वोइचिक या आडनावातही गावप्रमुखाचा हुद्दा दडलेला आहे. आपल्याकडे देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही सगळी दप्तराची आणि वसुलीची लेकरं. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या शेवटचा ‘नीस’ फारसीतून आला. नवीस म्हणजे लिहिणारा. मराठवाड्यात निजामाची राजवट १९४८ पर्यंत होती, त्यामुळे जहागीरदार, इनामदार, मुनशी ही आडनावं इथल्या गल्लोगल्ली सापडतात. पूर्वेकडे नांदेडच्या बाजूला सरकलं की ‘वार’नं संपणारी आडनावं सुरू होतात. हा ‘वार’ तेलुगूतून गोदावरी ओलांडून आलेला आहे. त्याचा आपल्या वारकऱ्याशी संबंध नाही, हे सांगून ठेवतो, कारण तसं सांगणारेही भेटतात.

बापाच्या नावावरून होणारी आडनावं हा यातला सगळ्यात गोड भाग. निजामाच्या काळातला जमिनीचा कागद हाती घेऊन पाहा. उर्दूत लिहिलेलं असतं, रामा वल्द विठोबा. वल्द म्हणजे मुलगा. मोडीतल्या मराठी कागदांत त्याच जागी ‘बिन’ येतो. आडनाव पुष्कळदा नसतंच. २०२३ मध्ये मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यावर तर तहसिलीतल्या कपाटांतून धुळीनं माखलेले बस्ते बाहेर निघाले. मोडी वाचणाऱ्यांना आणि उर्दू वाचणाऱ्यांना इतका भाव आला, की त्यांच्या दारात रांगा लागल्या. पण पणजोबांचं नाव सापडलं तरी पुढे पेच उभा राहतो. गावात त्या काळी विठोबाचे रामा तीन होते, यातला आपला कोणता? १९५४ च्या खासरा पाहणीपर्यंत, म्हणजे जमिनीच्या नोंदीपर्यंत, खाली उतरत, गट नंबराचा मेळ घालत, वंशावळ जुळवावी लागते.

युरोप नेमका याच अवस्थेतून गेला. पोर्तुगीजांचा फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, लोपिस म्हणजे लोपोचा. शेवटचा ‘इस’ आपल्या ‘वल्द’चंच काम करतो. वेल्स प्रांतात ‘आप’ म्हणजे मुलगा. आप-ऱ्हिस म्हणता म्हणता प्राइस झाला, आप-हॉवेलचा पॉवेल. डेन्मार्कमध्ये हान्सचा मुलगा येन्स असेल तर तो येन्स हान्सेन, आणि येन्सचा मुलगा नील्स असेल तर तो नील्स येन्सेन. प्रत्येक पिढीला नवं आडनाव. १८२८ साली तिथल्या सरकारनं हुकूम काढला, की आता एकच आडनाव धरून ठेवा. तो अंगवळणी पडायला काही दशकं गेली. पण ज्या पिढीत नाव थांबलं, त्या पिढीच्या बापाचं नाव कायमचं झालं. म्हणून आज त्या देशात नील्सेन, येन्सेन आणि हान्सेन यांची नुसती गर्दी आहे. आइसलँडनं मात्र थांबायला नकार दिला. तिथं अजूनही मुलाच्या नावापुढे बापाचं नाव आणि ‘सोन’, मुलीच्या नावापुढे बापाचं नाव आणि ‘दोत्तिर’. भावाबहिणीची आडनावं वेगळी, नवराबायकोचीही वेगळी. तिथल्या टेलिफोनच्या छापील यादीत माणसं पहिल्या नावानं लावत.

पोर्तुगीज आडनावं आपल्या महाराष्ट्रातही आहेत. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. चिमाजीअप्पांनी ती घेतली तरी आडनावं तिथंच राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा हे आडनाव आणि ही शुद्ध मराठी एकत्र कशी, असा अचंबा आपल्या भागातल्या काहींना वाटला होता. वसईतला माचाडो म्हणजे कुऱ्हाड. आपल्याकडे कुऱ्हाडे आहेतच. गोव्यातला लोबो म्हणजे लांडगा, आपले लांडगे. लैतांव म्हणजे डुकराचं पिल्लू, आपले डुकरे. परेरा म्हणजे नाशपातीचं झाड. ‘अल्केमिस्ट’ लिहिणारा पाउलो कोएलो हा ब्राझीलचा. त्याचं आडनाव म्हणजे ससा. गोव्यात आणि वसईत बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घेण्याची रीत होती. तेव्हा इथल्या लोबोंच्या वाडवडिलांपैकी कुणाचा लांडग्याशी संबंध आला असेलच असं नाही. तो लांडगा पोर्तुगालमधला.

इथवर साम्य फार झालं. फरक सांगायला हवा, आणि तो मोठा आहे. जर्मनीत कुणी श्मिट असं सांगितलं, तर ऐकणारा त्याच्या हातचं पाणी प्यायचं की नाही याचा विचार करत नाही. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस ‘नाव काय?’ विचारतो. आपण पहिलं नाव सांगितलं की ‘पूर्ण नाव?’ आपण पवार म्हणालो की ‘कोणते पवार?’ पवार मराठा असतात, बंजारा असतात, आणखीही कितीतरी असतात. जाधव, चव्हाण यांचंही तेच. त्यानं भागत नाही म्हणून मग ‘गाव कुठलं? गावात कोणत्या बाजूला घर?’ ही चौकशी नावाची नसते, हे दोघांनाही ठाऊक असतं.

गावाच्या आडनावाला म्हणूनच एक वेगळी किंमत आली. ते गाव सांगतं आणि जात झाकतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. राज्य सरकार तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. आडनाव बदलायची पाळी युरोपात राजावरही आली, ती अगदी वेगळ्या कारणानं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या राजघराण्याचं नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा, म्हणजे पुरतं जर्मन. आणि लढाई जर्मनीशी. १७ जुलै १९१७ रोजी पाचव्या जॉर्जनं जाहीर केलं, की आजपासून आम्ही विंडसर. विंडसर हे त्याच्या किल्ल्याचं गाव. राजासुद्धा शेवटी ‘विंडसरकर’ झाला. तुर्कस्तानात १९३४ साली कायदाच झाला, की प्रत्येकानं आडनाव घ्यायचं. तिथं घरोघरी लोक शब्द निवडत बसले. राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमाल यांना मात्र ‘अतातुर्क’ हे आडनाव संसदेनं दिलं.

आडनावाचा सगळ्यात जास्त त्रास बायकांना. माहेरचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं रेशनकार्डावर, आधारवर एखादं अक्षर तिसरंच. बँकेत पैसे अडले की राजपत्रात नाव छापून आणायची वेळ येते. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहायचं. आईचं नाव आलं, तिचं माहेरचं आडनाव नाही आलं. स्पेनमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही आणि मुलं दोन आडनावं लावतात, परंपरेनं आधी बापाचं आणि मग आईचं. तिथून हीच रीत दक्षिण अमेरिकेत गेली. कोलंबियाचा कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस, त्याचे वडील गार्सिया आणि आई मार्केस. आपल्याकडे वाचनालयात कुणी त्याला गार्सिया म्हणत नाही. मार्केसची कादंबरी आली का, असंच विचारतात. म्हणजे त्याला त्याच्या आईच्या आडनावानं ओळखतात.