लंडन किती लांब?



मी सातवी शिकलेली बाई. सभेत बोलायची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या वन्सं लंडनला असतात. मुंबईहून लंडन विमानाच्या वाटेने सुमारे ७,२०० किलोमीटर. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आता न थांबता जायला साडेनऊ-दहा तास लागतात, येताना थोडे कमी. उंचावर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, तो येताना पाठीशी असतो. आणि मुंबई ते अकोला आगगाडीने अवघे ५८० किलोमीटर, त्यालाही नऊ-दहा तास! म्हणजे लंडनची लेक मुंबईत उतरली, तरी वेळेच्या हिशेबाने तिची अर्धीच वाट सरते.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई आजारी पडल्या. "एवढ्या लांब पोरीच्या जिवाला उगाच घोर नको," असे मीच घरात म्हटले आणि चार दिवस आम्ही कळवलेच नाही. पाचव्या दिवशी फोन केला. वन्सं मिळेल त्या विमानाने निघाल्या. त्या अकोला स्टेशनावर उतरल्या, त्याच्या आदल्या रात्री सासूबाई गेल्या होत्या.

त्या मला एवढेच म्हणाल्या, "वहिनी, विमानाला उशीर नाही झाला हो."

भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकींच्या लेकी दूर दिलेल्या आहेत. खरे काय ते त्यांना वेळेवर कळवा. निघायचे की नाही, ते त्यांचे त्या ठरवतील.