पिकल्या केळी-फणसाचे मलय पद्धतीचे गोड सार



मे महिना सरत आला की कोकणातल्या परसात एकच गोष्ट दिसते. फणस झाडावर पिकतो, खाली पडतो, फुटतो आणि माशा घोंघावू लागतात. एकदा पाऊस लागला की गरे पाणचट होतात आणि व्यापारी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. केळीचेही तेच. घड एकदम पिकतो, घरची माणसे दोन दिवस खातात, आणि उरलेली केळी गुरांपुढे जातात. वर्षभर राबून आणलेले हे अन्न आहे, मंडळी. ते घरच्या पोराबाळांच्या पोटात कसे जाईल, एवढेच आज सांगायचे आहे.

मलेशियातल्या मलय शेतकऱ्यांच्या परसातही नारळ, केळी, फणस आणि रताळी असतात. तिकडे पिकलेले फळ नारळाच्या दुधात आणि गुळात शिजवून त्याचे दाटसर गोड सार करतात. त्याला ते 'पेंगात' म्हणतात. केळीचे, फणसाचे, रताळ्याचे, असे त्याचे प्रकार आहेत. दुरियान नावाचे काटेरी फळ झाडावरून पडले की थोडेच दिवस टिकते, म्हणून हंगामात त्याचेही पेंगात करून चिकट भाताबरोबर खातात. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी उपास सोडतानाही हा पदार्थ घरोघर असतो.

त्यांचा गूळ नारळाच्या पोयीतून निघणाऱ्या रसाचा असतो. त्याला 'गुला मलाका' म्हणतात. यातला 'गुला' हा शब्द संस्कृतातून तिकडे गेलेला आहे, म्हणजे आपल्या गुळाचा तो भाऊच. आपल्याला ही चव अगदीच परकी नाही. शिरवाळ्यांबरोबर आपण नारळाचा गोड रस करतोच. फरक एवढाच, की इथे त्या रसात फळ शिजते.

साहित्य (५ ते ६ माणसांसाठी)

मोठा नारळ १, पिकलेली पण घट्ट राजेळी केळी ४, काप्या फणसाचे गरे १५, मध्यम रताळे १, गूळ सुमारे १५० ग्रॅम, साबुदाणा २ मोठे चमचे, आल्याचा लहान तुकडा, चिमूटभर मीठ.

वासासाठी मलय लोक केवड्याच्या कुळातले एक लांब हिरवे पान वापरतात. भाताला आंबेमोहरासारखा वास यावा म्हणून आपल्याकडेही काही घरी ते परसात लावलेले असते. अशी २ पाने घेऊन त्यांची गाठ मारावी. पान नसेल तर ३-४ वेलच्या चालतील. वास निराळा येईल, पण चांगला येईल.

कृती

१. साबुदाणा धुऊन दोन तास भिजत ठेवावा.

२. नारळ खवून, १ वाटी कोमट पाणी घालून वाटावा आणि पिळून घ्यावा. हे पहिले घट्ट दूध वेगळे झाकून ठेवावे. त्याच चोथ्यात ३ वाट्या पाणी घालून पुन्हा वाटावे. हे दुसरे पातळ दूध.

३. गूळ १ वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. गुळात खर, चिपाडाचे तुकडे असतात, म्हणून हे टाळू नये.

४. पातळ दुधात पान, ठेचलेले आले आणि रताळ्याच्या फोडी घालून मंद आचेवर शिजवावे. गूळ आत्ताच घालू नका. गोडात रताळे लवकर मऊ होत नाही.

५. रताळे शिजत आले की साबुदाणा घालावा. तो पारदर्शक झाला की गुळाचे पाणी, केळ्याचे जाड काप आणि बिया काढून चिरलेले गरे घालावेत. पाच मिनिटे पुरेत. ढवळताना हात हलका ठेवावा, नाहीतर केळ्याचा लगदा होईल.

६. शेवटी आच अगदी कमी करून घट्ट दूध आणि मीठ घालावे. कडेला बारीक बुडबुडे दिसले की पातेले लगेच उतरवावे.

हे सांभाळा

घट्ट दुधाला खळखळून उकळी आणू नये. उकळीने त्यातली प्रथिने साकळतात, तेल सुटते आणि सार फुटते. अननसासारखे आंबट फळ यात घालू नये, त्यानेही दूध फुटते.

बरका फणस यात विरघळून जातो. त्याची सांदणे किंवा फणसपोळी करा. पडून फुटलेल्या फणसाचे माती न लागलेले, आंबूस वास नसलेले गरेच घ्या. आठळ्या टाकू नका, उकडून खा.

नारळाचे दूध उन्हाळ्यात फार लवकर नासते. म्हणून सार केल्यापासून तीन-चार तासांत संपवा. सकाळचे रात्री मुलांना देऊ नका. फ्रीज असेल तर निवल्याबरोबर आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. मधुमेह असलेल्यांनी जपून घ्यावे.

"हे विकता येईल का?" असे काही जण विचारतील. बाटलीत भरून विकायच्या भानगडीत पडू नका, कारण टिकत नाही. घरी पर्यटकांची सोय करत असाल तर ताजे करून जरूर वाढा. मात्र अन्नपदार्थ विकणाऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी लागते. ती आधी करून घ्या.

ताई-माईंनो, पहिल्या खेपेला निम्म्या मापाने करून बघा. आणि बंधूंनो, नारळ खवायला तुम्हीच बसा, बरं का! या हंगामात परसातला एक तरी फणस कुजण्याआधी पातेल्यात जाऊ द्या.